टाकीची बादली

हर्षदा : सगळे मेले, आत्याबाई. एकसुद्धा राहिला नाही.

मालतीबाई : खरं सांगते? देवच पावला वं माय! मी म्हणलंच व्हतं, एका दमात काम होईल. रात्री तुले एकही चावला नही ना?

हर्षदा : कोण चावला नाही?

मालतीबाई : ढेकूण. दुसरं कोण?

हर्षदा : मी माशांचं सांगतेय. खालच्या टाकीतले गप्पी मासे. मागच्या सोमवारी मी माझ्या हातानं सोडले होते ते. पोट वर करून तरंगतायत.

मालतीबाई : असं व्हय. मासे.

हर्षदा : आणि तुम्ही कुठल्या कामाचं म्हणत होतात? एका दमात होईल ते?

मालतीबाई : काही नही. तू आधी चपला बाहेर काढ. उद्या घरात कानबाईदेवी बसणार, आणि तू गटारीवरून आल्यासारखी आत येते.

हर्षदा : गटारीवरून नाही आले. बमरोलीच्या वीस टाक्या तपासून आले. लोकांच्या दारात जाऊन सांगते, पाणी झाका, डासाच्या अळ्या होऊ देऊ नका. आणि माझ्या स्वतःच्या चाळीत हे! झाकण तुटलंय म्हणून पालिकेतल्या साहेबांच्या मागे लागून मासे आणले होते मी.

मालतीबाई : मासे मरतातच. बाजारात काय कमी मरतात?

हर्षदा : एखाददुसरा मरतो. ऐंशी मासे एका रात्रीत मरत नाहीत. गॅलरीत येऊन बघा जरा. रंजनावहिनी, लखनभाई, अर्धी चाळ टाकीभोवती उभी आहे. आणि बोट सगळ्यांचं आनंदामामांकडे.

मालतीबाई : आनंदाकडे? त्याच्याकडे कसाले?

हर्षदा : कारण मोटार तेच चालवतात, ब्लिचिंग पावडर तेच टाकतात. हात थरथरतो, पावडर जास्त पडली, असं लखनभाई सगळ्यांना सांगत सुटलाय. मामा म्हणतायत, या आठवड्यात मी पावडर टाकलीच नाही. पण ऐकतंय कोण?

मालतीबाई : टाकली असंल. विसरला असंल. थकला तो आता.

हर्षदा : लखनभाई म्हणतो, मोटारीची चावी काढून घ्या. चावी गेली की मीटरखोली गेली, आत्याबाई. मोटार चालवतात म्हणून फुकट राहायला मिळालीय ती. एकटा जीव. जाणार कुठं?

मालतीबाई : असं लगेच कोणी काढत नही. सणाचे दिवस आहेत. तू ये, बस. हातपाय धू. नको, थांब. बाथरूममधलं नको घेऊ. जारचं घे.

हर्षदा : जारच्या पाण्यानं पाय धुऊ?

मालतीबाई : दोन मागवले आहेत. आज बठ्ठं, सगळं त्यानंच करायचं.

हर्षदा : तांदूळ धुतलेलं पाणी तुम्ही तुळशीला घालता. आणि मला म्हणता, विकतच्या पाण्यानं पाय धू.

मालतीबाई : पाहुणे यायचे आहेत म्हणून मागवले. माझा योगेंद्र त्यांना आणायले उधना स्टेशनवर पोहोचलासुद्धा असंल. अकराची गाडी. थोरले दीर आबा येतील, जाऊबाई येतील, त्यांच्या सुना... मी काय करू, काय नको असं झालंय, आणि तू माशांचं घेऊन बसली.

हर्षदा : कालपासून घरात हा वास कसला आहे?

मालतीबाई : काल सांगितलं ना. डांबरगोळ्या.

हर्षदा : डांबरगोळ्यांचा वास मला माहीत आहे. हा घशाशी लागतो. आणि ही बघा, कॅलेंडरमागची पाल. खाली पडलीय. पाय वर.

मालतीबाई : मेली तर बरंच झालं. कानबाईच्या घरात पाल कसाले पाहिजे?

हर्षदा : रोज रात्री ट्यूबलाइटखाली डास टिपायची बिचारी. या उंबऱ्यातल्या मुंग्या बघा, ओळीत चालता चालता मेल्यात. कोपऱ्यातला कोळी मेला. आता उठा, गादीची शिवण बघू द्या.

मालतीबाई : अवं, मी घडी घालून ठेवलीय! पाहुण्यांसाठी...

हर्षदा : हं. हे बघा. या इकडे, चष्मा लावा.

मालतीबाई : काय आहे?

हर्षदा : ढेकूण. एक, दोन... हा तिसरा. मजेत चालतायत.

मालतीबाई : कसं शक्य आहे? चार झाकणं टाकली व्हती मी!

हर्षदा : कशाची चार झाकणं?

मालतीबाई : काही नही. ती गादी नीट घडी कर.

हर्षदा : आत्याबाई. कशाची?

मालतीबाई : ओरडू नको. भिंती पातळ आहेत. कपाशीवर मारायचं औषध. योगेंद्र मागच्या महिन्यात गावाले गेला व्हता, तेव्हा आबाच्या घरून आणलं. शेंगदाण्याच्या पिशवीत घालून.

हर्षदा : म्हणजे त्यांनाही माहीत होतं! मला सांगितलं नाही. रात्री मी विचारलं तर म्हणतात, झोप, डोकं नको खाऊ.

मालतीबाई : तुले सांगितलं असतं तर तू मारू दिलं असतं? तुझी ट्रेनिंग लगेच सुरू झाली असती.

हर्षदा : हो, झाली असती. वावरात मारायचं औषध, आणि दहा बाय बाराच्या खोलीत! जिथं आपण जेवतो, झोपतो.

मालतीबाई : मग काय करू मी? गेल्या वर्षी जाऊबाई चार दिवस राहून गेल्या. आणि लग्नाच्या मांडवात चारचौघींत बोलल्या, मालतीच्या घरून काय आणलं, तर सुरतेचे ढेकूण. सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी पण हसले. रात्रभर माले झोप नही. यंदा पहिल्यांदा चाळीची कानबाई आपल्या दारात बसतेय. अकरा वर्षं वाट पाहिली मी. बारा माणसं या घरात झोपणार. त्यांच्या अंगावर ढेकूण चढू देऊ?

हर्षदा : मग मला सांगायचं. गरम पाणी ओतलं असतं, खाटा उन्हात टाकल्या असत्या, शिवणी उसवल्या असत्या.

मालतीबाई : गरम पाण्यानं ढेकूण जातात व्हय?

हर्षदा : या औषधानं तरी कुठं गेले? आमचे साहेब, भूपेंद्रभाई, सांगतात तेच झालं. सुरतेच्या ढेकणांनी असली औषधं इतकी प्यायलीत की त्यांना आता काही होत नाही. जे मरायचे ते केव्हाच मरून गेले, उरली ती पचवणाऱ्यांची पोरं. मरतं कोण, तर पाल, कोळी, मुंग्या. ज्यांनी आयुष्यात कधी ते चाखलं नाही.

मालतीबाई : गरिबाचंच मरण.

हर्षदा : आता नीट सांगा. हे औषध कालवलं कशात?

मालतीबाई : बादलीत.

हर्षदा : कुठल्या? आपल्या बादल्या तर चकचकीत घासून पालथ्या ठेवल्यात.

मालतीबाई : तेच म्हणते मी. चिंच लावून घासल्या, राखेनं घासल्या. नैवेद्याच्या रोटाचे गहू त्याच पाण्यानं धुवायचे, पुरण त्याच पाण्यात शिजायचं. देवीच्या बादलीत विष कालवू? हात झडतील माझे!

हर्षदा : मग कुठल्या बादलीत?

मालतीबाई : काल दुपारी लाइट गेली व्हती. वरची टाकी रिकामी. बठ्ठ्या बायका खालून दोर सोडून पाणी काढत होत्या...

हर्षदा : आत्याबाई, टाकीची बादली?

मालतीबाई : सगळ्या दुपारच्या झोपल्यावर मी आणली. बादलीभर पाण्यात औषध कालवलं. दुधासारखं पांढरं झालं. इस्त्रीच्या स्प्रेत भरभरून मारलं. उरलेलं मोरीत ओतून दिलं.

हर्षदा : आणि बादली?

मालतीबाई : धुऊन ठेवली. तशीच कशी ठेवू? दुसऱ्या कोणाच्या हाताले लागलं तर?

हर्षदा : कुठं धुतली?

मालतीबाई : टाकीत बुचकळली. दोन वेळा. मग नीट विसळून कडीले अडकवली.

हर्षदा : अरे देवा.

मालतीबाई : बादलीच्या बुडाशी कितलं असंल गं ते? एवढुसं, चमचाभर.

हर्षदा : माशाला थेंब पुरतो! ती बाटली कुठं आहे? द्या इकडे. हे बघा, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. पाण्यापासून लांब ठेवा, मासे आणि मधमाश्यांना घातक.

मालतीबाई : माले काय वाचता येतं व्हय?

हर्षदा : योगेंद्रला येतं ना! थांबा, त्यांनाच लावते. हॅलो? हो, पोहोचलात? गाडी येऊ दे, माझं ऐका. ती बाटली वाचली होती का, आईंच्या हातात देण्याआधी? कुठली बाटली म्हणजे? शेंगदाण्यातली! टाकीत गेलंय ते. हो, आपल्या टाकीत. नाही, कोणाला काही झालं नाही अजून. नाही, ढेकूणपण नाही मेले. येताना पाण्याचे आणखी जार घेऊन या, मिळतील तेवढे. ठेवते.

मालतीबाई : त्याले कसाले सांगितलं? आबा बाजूले असले तर?

हर्षदा : आबांचं काय घेऊन बसलात? दहा वाजून गेलेत. साडेदहाला मोटार चालू होणार. ब्लिचिंगच आहे, वर चढलं की उडून जाईल, म्हणून सगळे वाट बघतायत. कालपासून चाळ कोरडी आहे. पाणी आलं की चोवीस घरं हंडे भरणार. रंजनावहिनींनी काल संध्याकाळी खालून दोन हंडे काढले होते, भांडी घासायला. त्यांची मांजर प्यायली असेल त्यातलं. जिन्याखाली पडून थरथरतेय.

मालतीबाई : मांजर?

हर्षदा : हो. मला वाटलं मेलेला मासा खाल्ला. आता कळलं. माणसाला एवढ्यानं काय होतं, काय नाही, मला माहीत नाही. पण पिऊन तर बघायचं नाही ना? मी खाली जाते.

मालतीबाई : हर्षदा! थांब. दार लाव ते. पाया पडते तुझ्या.

हर्षदा : असं काय करताय? सोडा हात.

मालतीबाई : पाणी थांबव तू. काहीही सांग. सांग, साहेबांचा फोन आला, टाकी उपसायची आहे. माझं नाव नको काढू. उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारी कानबाई तापीत शिरवली, विसर्जन झालं की मी स्वतः सांगेन.

हर्षदा : आणि तोपर्यंत आनंदामामा?

मालतीबाई : त्याले मी जेवायले घालीन. दोन्ही वेळ. रोज घालीन.

हर्षदा : खोली गेली तर?

मालतीबाई : लखनले मी समजावते. म्हणते, गरीब आहे, माफ कर त्याले.

हर्षदा : काय माफ करायचं त्यांना? आत्याबाई, एक सांगा. जार कधी मागवले तुम्ही? आज?

मालतीबाई : काल.

हर्षदा : काल किती वाजता?

मालतीबाई : दिवे लावल्यावर. टाकीवर गेले व्हते, दोर नीट बांधला का पाहायले. एक मासा वरच्या वर गरगर फिरत व्हता. तेवढ्यात उताणा झाला.

हर्षदा : म्हणजे तुम्हाला कालच कळलं होतं. रात्री मला पाणी दिलंत ते जारमधलं. योगेंद्रला दिलंत ते जारमधलं. घरच्यांना वेगळं, चाळीला वेगळं.

मालतीबाई : रात्रभर डोळ्याले डोळा नही लागला माझा! सकाळी म्हणलं, नळाचं नवं पाणी पडलं की धुऊन जाईल बठ्ठं. काही होणार नही, काही होणार नही, असं म्हणतच उठले. तुले काय माहीत माझ्या जिवाचं काय चाललंय. तो मासा तसा फिरला ना, तसाच पवळ्या फिरला व्हता. त्याच्या खुट्याभोवती.

हर्षदा : कोण पवळ्या?

मालतीबाई : आबाचा बैल.

हर्षदा : साप चावून मेला तो? तुम्हीच सांगितलं होतं मागे.

मालतीबाई : साप नव्हता चावला.

हर्षदा : मग?

मालतीबाई : बावीस वर्षं झाली. तुझ्या सासऱ्यांनी कपाशीवर फवारा मारला व्हता. तेव्हाचं औषध याच्यापेक्षा जालीम, नुसत्या वासानं डोकं धरायचं. ते येऊन बाजेवर पडले. म्हणाले, मालती, पंप धू. आमच्या विहिरीले मोटार नव्हती तेव्हा. आबाचा हौद जवळ व्हता, भरलेला. मी त्यातच धुतला. सकाळी पवळ्या पहिल्यांदा प्यायला. दुसरा बैल अजून गोठ्यात व्हता म्हणून वाचला.

हर्षदा : मग साप कुठून आला?

मालतीबाई : लिंबाखाली वारूळ व्हतं. आनंदानं रात्री पवळ्याले लिंबाखाली बांधलं व्हतं. आनंदा तेव्हा आबाकडे सालदार. आबा म्हणाले, पान लागलं, साप चावला. वारूळ दिसत नव्हतं का रे तुले? बठ्ठा गाव जमलेला. तुझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि आम्ही दोघं म्हणालो, हो, पानच लागलं.

हर्षदा : आनंदामामा. हेच आनंदामामा.

मालतीबाई : साल निम्मंसुद्धा सरलं नव्हतं. आबानं त्याच दिवशी काढलं. सुरतेले आला तो तेव्हाचा. लग्न जमत आलं व्हतं, ते मोडलं. मुक्या जनावराचा जीव घेतला त्यानं, असं म्हणले पोरीकडचे. आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा ही खोली कोणी पाहून दिली? त्यानंच. दहा दिवस आम्हाले मीटरखोलीत जेवू घातलं.

हर्षदा : आणि तुम्ही त्यांना कधी...

मालतीबाई : कधी नही. तुझे सासरे जातानासुद्धा म्हणाले, आनंदाले... आणि तोंड फिरवलं. त्या साली बांधावरच्या गंगाफळाले, भोपळ्याच्या वेलाले, फुलंच फुलं, पण फळ एक नही. मधमाशी फिरकलीच नही वावरात. कानबाईच्या नैवेद्याले गंगाफळ अमळनेरच्या बाजारातून आणावं लागलं. कोतवाल पक्षी यायचे अळ्या वेचायले, ते येईनासे झाले. आणि अळी पुढच्या साली दुप्पट. मी म्हणायची, देवी कोपली.

हर्षदा : देवी नाही कोपली. मधमाश्या मेल्या होत्या, पाखरं गेली होती.

मालतीबाई : ते तुझं शास्त्र. माले माहीत आहे ती कसाले कोपली.

आनंदा : हर्षदा! आहे का वं घरात?

हर्षदा : आनंदामामा. या ना, आत या.

आनंदा : नही, पाय ओले आहेत. अठेच बरा. वहिनी, घर मस्त चमकवलं तुम्ही. हर्षदा, साडेदहा व्हयी राह्यले. मोटार टाकू का? खाली सगळे मन्हावर चिडले आहेत. लखन म्हणतो, मोटार टाक आणि चावी दे.

हर्षदा : मोटार नाही टाकायची, मामा. अजिबात नाही. टाकी उपसावी लागेल.

आनंदा : उपसू. मी उतरतो टाकीत. तूच सांग बरं, कितली पावडर पडली असंल म्हणजे मासा मरतो?

हर्षदा : तुम्ही तर म्हणत होतात, टाकलीच नाही.

आनंदा : माले तर तसंच आठवतं. पण बठ्ठे म्हणतात, तर टाकली असंल. हात असा थरथरतो मन्हा. खरं सांगू का, मुक्या जिवाच्या बाबतीत मन्हा हाताले यशच नही. एकदा झालंय मन्हाकडून. वहिनीले माहीत आहे.

मालतीबाई : आनंदा.

आनंदा : परवा नागपंचमी गेली. दरसाल उपास धरतो मी, वहिनी. दिवस मावळेपर्यंत पाणी नही घेत. म्हणलं, फिटत असंल थोडं थोडं. पण नही फिटलं. आता हे मासे. रंजनाची मांजर पण नही जगत असं दिसतं. चावी मी देऊन टाकतो. भेस्तानले एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे पडंन चार दिवस. फक्त उद्या कानबाईच्या पाया पडायले येऊ द्या.

मालतीबाई : चावी दे इकडे.

आनंदा : तुमच्याकडे?

मालतीबाई : हो, माले दे. लखनले नको. आता ऐक. टाकीत पावडर नही पडली. कपाशीचं औषध पडलं. मी टाकलं. टाकीच्या बादलीत कालवलं आणि टाकीतच धुतलं.

आनंदा : तुम्ही?

मालतीबाई : मी. ढेकणांसाठी. आणि पवळ्याले पान नव्हतं लागलं.

आनंदा : काय म्हणता वहिनी?

मालतीबाई : आदल्या संध्याकाळी आबाच्या हौदात पंप मी धुतला व्हता. यांना माहीत व्हतं, माले माहीत व्हतं. तू बाजूले उभा राहून रडत व्हता, आणि आम्ही म्हणलो, पानच लागलं.

हर्षदा : मामा, बसा. खाली बसा. पाणी देते. जारचं आहे, घ्या.

मालतीबाई : शिव्या दे माले. काहीतरी बोल. असा पाहू नको.

आनंदा : आबाले माहीत आहे?

मालतीबाई : नही. अकराच्या गाडीनं येताहेत. तू भेस्तानले जायचं नही. अठेच बसायचं, या खाटेवर. त्यांच्यासमोर सांगते, जाऊबाईंसमोर सांगते. पण आधी खालच्यांना.

हर्षदा : आत्याबाई, मी येऊ बरोबर?

मालतीबाई : तू त्याच्याजवळ बस. आणि तुझ्या साहेबाले फोन लाव.

हर्षदा : लावते. हॅलो, भूपेंद्रभाई? हर्षदा बोलुं छुं. अमारी टांकीमां दवा पडी गई छे. हा, खेतीनी दवा. ना ना, मोटर बंध ज छे. जल्दी आवो ने.

(मालतीबाई गॅलरीत जाऊन कठड्याशी उभ्या राहतात. त्यांचा आवाज बाहेरून येतो.)

मालतीबाई : अवं रंजना! हंडा खाली ठेव! मोटार चालू होणार नही, चावी माझ्याकडे आहे. लखन, तू पण ऐक. आनंदानं काही केलं नही. टाकीत औषध मी टाकलं. हो, मी, मालती. कपाशीवरचं. काल तुमच्याच बादलीत कालवलं. कोणी ते पाणी प्यायलं असंल तर आत्ता सांगा, आत्ता डॉक्टरकडे जायचं. रंजना, मांजरीले पण ने, माझा योगेंद्र येतो आहे, तो घेऊन जाईल. काय म्हणाली? ...बरोबर आहे. बोल. बोल, मी ऐकते आहे. ...कानबाई तुझ्या घरी बसव मग. पाट आणि चौरंग मी आणून देते. घासलेल्या बादल्या पण ने, त्या स्वच्छ आहेत. त्यात मी काही कालवलं नही.

हर्षदा : मामा, अहो पाणी घ्या ना. मी धरू ग्लास?

आनंदा : धरतो मी. धरतो.

हर्षदा : तुम्हाला राग येत नाही का?

आनंदा : येईल. अजून पोहोचला नही.

मालतीबाई : सांगितलं. बठ्ठ्यांना सांगितलं. आनंदा, तू काहीतरी बोल रे.

आनंदा : मी त्या रात्री साप असंल म्हणून लिंबाखालची बठ्ठी जागा काठीनं झोडपली व्हती, वहिनी. पवळ्याले बांधायच्या आधी. दोनदा झोडपली व्हती.